चौथ्या पत्रातली ओळ

माझ्या कामाचं वर्णन एका वाक्यात करायचं झालं तर ते असं: ज्यांनी आपल्याला काहीही विचारलेलं नाही, त्यांना सभ्य भाषेत पुन्हा पुन्हा विचारत राहणं. विश्रांतवाडीच्या आमच्या घरी पाहुणे आले आणि "वहिनी कुठे कामाला आहेत?" असं त्यांनी विचारलं, की आमचे मिस्टर सांगायचे, "ती पत्रं लिहिते." "कुणाला?" "सगळ्यांना." पाहुणे एकदा माझ्याकडे, एकदा मिस्टरांकडे बघायचे आणि विषय बदलायचे. गेल्या वर्षी मी निवृत्त झाले, तरी नात्यातल्या निम्म्या लोकांना मी पोस्टात होते असंच वाटतं.

पोस्टात नव्हते. पुण्यातल्या एका लहानशा सॉफ्टवेअर कंपनीत होते. आमची कंपनी गृहनिर्माण सोसायट्यांसाठी सॉफ्टवेअर बनवायची. मेंटेनन्सची बिलं, नोटिसा, सभांची इतिवृत्तं, कुणाची गाडी कुठे लागणार याची यादी, असं सगळं त्यात. दर दोन-तीन वर्षांनी आमचे इंजिनियर त्याची नवी, सुधारलेली आवृत्ती काढत, आणि मग जुन्या ग्राहकांना ती घ्यायला लावणं हे माझं काम.

बाहेरच्या माणसाला वाटतं, यात काय अवघड आहे? ग्राहक आपलाच, ओळख जुनी. पण नवीन गिऱ्हाईक आणणं परवडलं. जो माणूस आपल्या जुन्या वस्तूवर खूष आहे त्याला, बाबा रे, ही आता जुनी झाली, असं सांगायचं, आणि त्याला राग येऊ द्यायचा नाही, यात खरी कसोटी. कारण ती जुनी वस्तू विकताना हिच्यासारखी दुसरी नाही असं आपणच त्याला सांगितलेलं असतं.

सुरुवातीला आम्ही हे फोनवर करायचो. मग कंपनीच्या मालकांनी, म्हणजे अभिजित सरांनी, मेल आपोआप पाठवणारी एक यंत्रणा आणली आणि ती चालवायला मला बसवलं. मी ना इंजिनियर, ना मार्केटिंग शिकलेली. पण मी नोकरीला लागण्याच्या कितीतरी आधीपासून आमच्या वस्तीत अर्ज लिहून देत असे. नळजोडणीचा, रेशनकार्डावर नाव चढवण्याचा, फी माफीचा. सकाळी दारात "जय भीम ताई, एक अर्ज होता," अशी हाक आली की मी वही घेऊन बसायची. त्यातून एक गोष्ट पक्की कळली होती. अर्ज शंभर साहेबांकडे जाणारा असला तरी प्रत्येक साहेबाला तो आपल्यालाच लिहिला आहे असं वाटलं पाहिजे. माझं सगळं भांडवल एवढंच, आणि ते मला निवृत्तीपर्यंत पुरलं.

या यंत्रणेत एक मेल नसते, मेलची मालिका असते. पहिलं पत्र नव्या आवृत्तीची बातमी देतं. पंधरा दिवसांनी दुसरं जातं, त्यात नव्या आवृत्तीचे फायदे. आणखी पंधरा दिवसांनी तिसरं, त्यात दुसऱ्या एखाद्या सोसायटीचा अनुभव. प्रत्येक पत्राखाली दोन निळी बटणं. एक "हो, मला हवं आहे" आणि दुसरं "नंतर सांगतो". ग्राहकानं पहिलं दाबलं की मालिका थांबते आणि आमचा माणूस त्याला फोन करतो. दुसरं दाबलं की महिनाभर गप्प. काहीच दाबलं नाही तर पुढचं पत्र. हे सगळं आधी कागदावर चौकोन आणि बाण काढून ठरवायचं, मग संगणकाला समजावायचं. पहिल्या मालिकेचा नकाशा मी जुन्या कॅलेंडरच्या पाठकोऱ्या पानावर काढला होता. एकदा ती सुरू झाली की मी जेवत असले, सुट्टीवर असले, कुणाच्या लग्नात असले, तरी माझी पत्रं जात राहायची.

सहीच्या जागी "विपणन विभाग" असं लिहायला मी साफ नकार दिला. विभागाला कोण उत्तर देणार? मी "आपली, रजनी" असं लिहिलं. महिन्याभरात ऑफिसात फोन येऊ लागले, "रजनीताई आहेत का?"

माणसं तऱ्हेतऱ्हेची. सदाशिव पेठेतल्या एका सेक्रेटरींनी आमचा नोंदणीचा फॉर्म भरताना नावाच्या रकान्यात "फोन करू नये" असं लिहून ठेवलं होतं. संगणकाला अक्कल नसते, सांगितलेलं असतं तेवढं तो करतो. त्यामुळे त्यांना पत्र गेलं, "आदरणीय फोन करू नये, सप्रेम नमस्कार." उलट टपाली उत्तर आलं, "मेलही करू नये." त्यानंतर मी प्रत्येक यादी पाठवण्याआधी नावांच्या रकान्यावरून स्वतः बोट फिरवून बघत असे.

वाघोलीच्या नव्या मोठ्या सोसायटीची सेक्रेटरी एक पंचविशीतली मुलगी होती. पहिलं पत्र गेलं आणि दहा मिनिटांत बटण दाबलं गेलं. मी कौतुकानं फोन केला, पत्रातलं काय आवडलं विचारायला. "मॅम, ऑनेस्टली, मी मेल वाचलीच नाही. सब्जेक्ट बघितला, डेमो बघितला, डन." मी त्या पत्रावर दोन दिवस घालवले होते, पण ते तिला सांगितलं नाही.

याच्या उलट लोणी काळभोरकडच्या एका सोसायटीचे सेक्रेटरी. तिसरं पत्र गेल्यावर त्यांचा फोन आला.

"म्याडम, तुमचं पत्र मिळालं. पन ते निळं बटान हाय ना, ते दाबलं तर काय व्हतं?"

"काही नाही काका, आमचा माणूस तुम्हाला फोन करतो."

"मग तुम्ही आत्ता बोलताच हाय की. बटान कशाला दाबायचं?"

त्यांनी नवी आवृत्ती फोनवरच पक्की केली. पण बटण दाबलेलं नसल्यामुळे संगणकाच्या लेखी ते अजून गप्पच होते, आणि आठवड्यानं त्यांना माझं चौथं पत्र गेलं: "आमच्या आधीच्या पत्रांना आपलं उत्तर मिळालेलं नाही. काही अडचण आहे का?" ते फोन करून हसले, मीही हसले. हसण्याऐवजी मी तेव्हाच जरा विचार केला असता तर पुढचं काही घडलं नसतं.

या चौथ्या पत्राचा मला फार अभिमान होता, हे कबूल करते. पहिल्या तीन पत्रांना मिळून जेवढी उत्तरं येत त्याहून जास्त या एकट्याला येत. आपल्याकडची माणसं जाहिरातीकडे कानाडोळा करतात, पण कुणी "तुमचं उत्तर आलं नाही" म्हटलं की त्यांना अवघडल्यासारखं होतं. आणि मी त्याला आणखी एक जोड दिली होती. सेक्रेटरींनी तिन्ही पत्रांवर काहीच केलं नाही तर चौथं पत्र चेअरमनलाही जाईल, अशी. त्यात ओळ होती: "आम्ही आपल्या सेक्रेटरींना तीन पत्रं पाठवली, परंतु त्यांच्याकडून अद्याप उत्तर मिळालेलं नाही." ही कल्पना माझी, शब्द माझे. अभिजित सरांनी त्याबद्दल ऑफिसात सगळ्यांसमोर माझं कौतुक केलं होतं. चेअरमनना पत्र गेलं की सोसायटी हलायचीच.

निवृत्तीला सहा महिने राहिले असताना एका सकाळी फोन आला. आवाज वयस्कर, शब्द मोजून घेतलेले.

"रजनीताई आपणच का? मी माधव दामले, कर्वेनगरहून. आपल्या पत्रांखाली आपलं नाव असतं. ती आपण स्वतः लिहिता ना?"

"हो, मजकूर माझाच असतो," मी म्हटलं. या प्रश्नाला माझं हे ठरलेलं उत्तर होतं.

"मग एवढंच सांगा. माझी उत्तरं आपल्याला मिळाली नाहीत, की मिळाली पण आपण वाचली नाहीत?"

मी संगणकावर त्यांचं नाव शोधलं. तीन पत्रं गेली होती, तिन्ही उघडलेली होती, बटण एकदाही दाबलेलं नव्हतं. चौथं पत्र त्यांना आणि चेअरमनना गेलं होतं. "दामलेसाहेब, आपल्याकडून एकही मेल आलेली दिसत नाही."

"मेल मी कुठे म्हटलं? उत्तरं मी पत्रानं पाठवली. आपल्या पत्राच्या तळाशी नारायण पेठेतला पत्ता छापलेला असतो. पत्ता छापतात तो पत्र पाठवण्यासाठी, अशी माझी समजूत होती."

मी खुर्चीत ताठ झाले. तो पत्ता आमच्या जुन्या ऑफिसचा होता. कंपनी बाणेरला येऊन पाच-सहा वर्षं झाली होती, पण कागदोपत्री नोंदणी अजून तिथलीच, म्हणून तो पत्ता पत्राखाली तसाच राहिला होता. तिथे कुणी पत्र पाठवेल हे माझ्या स्वप्नातही आलं नव्हतं.

दामले एका सरकारी कार्यालयातून हेडक्लार्क म्हणून निवृत्त झालेले आणि गेली अकरा वर्षं सोसायटीचे सेक्रेटरी. आलेली प्रत्येक मेल ते कागदावर छापून घ्यायचे, आवक रजिस्टरात तिला क्रमांक द्यायचे, समितीच्या सभेपुढे ठेवायचे आणि सोसायटीच्या लेटरहेडवर उत्तर लिहून, जावक क्रमांक घालून, पोस्टात टाकायचे. माझ्या पत्रांनाही त्यांनी हाच मान दिला होता. बटण का दाबलं नाही, असं मी विचारलं तेव्हा म्हणाले, "एका बटणावर 'मला हवं आहे' असं आहे. मला हवं असून काय उपयोग? समितीला हवं पाहिजे. दुसऱ्यावर 'नंतर सांगतो' आहे. मी आधीच सांगितलेलं होतं, ते नंतर कसं सांगणार?"

पुढची हकीकत त्यांनी इतिवृत्त वाचावं तशा आवाजात सांगितली. सोसायटीतल्या तरुण मंडळींना नवी आवृत्ती हवी होती, कारण तिच्यात मोबाइलवरून सगळं होतं. समितीनं दामल्यांना सांगितलं, कंपनीला आपले दोन प्रश्न लिहून विचारा, मग ठरवू. दामल्यांनी लिहिलं. पुढच्या सभेत सांगितलं, पत्र पाठवलंय, कंपनीचं उत्तर नाही. त्याच्या पुढच्या सभेत सांगितलं, स्मरणपत्र पाठवलंय, अजून उत्तर नाही. आणि मग चेअरमन मराठे माझ्या चौथ्या पत्राची प्रत घेऊन सभेत आले. कंपनी लिहिते की तीन पत्रं पाठवूनही सेक्रेटरींचं उत्तर नाही. दामल्यांना स्वतःला नवी आवृत्ती नको होती हे सगळ्यांना ठाऊक होतं. म्हणजे पत्र पाठवल्याचं खोटं सांगून हा माणूस दोन महिने सगळ्यांना झुलवतोय, असा त्याचा सरळ अर्थ निघाला. दामल्यांनी जावक रजिस्टर पुढे केलं. एक सभासद म्हणाला, "रजिस्टर काय, घरी बसून केव्हाही लिहिता येतं."

"मी तिथल्या तिथे राजीनामा दिला," दामले म्हणाले. "येत्या रविवारी सर्वसाधारण सभा आहे. त्यात विषय आहे, 'सेक्रेटरींनी समितीस दिलेल्या खोट्या माहितीबाबत'. नोटीस जिन्यात लावली आहे. माझी बायको त्याच जिन्यानं भाजीला जाते. आपण माझी बाजू घ्यावी असं मी म्हणत नाही. खरं काय ते तेवढं शोधा."

मी त्याच दुपारी नारायण पेठेत गेले. जुनं ऑफिस दुसऱ्या मजल्यावर, कुलूपबंद. पत्रपेटी खाली जिन्याजवळ, गंजलेली. तिची किल्ली कुणाकडे आहे हे अभिजित सरांनाही माहीत नव्हतं. चौकातल्या किल्लीवाल्यानं दोन मिनिटांत पेटी उघडली आणि आतून कागद माझ्या पायावर सांडले. विजेची बिलं होती, एक मुंजीचं निमंत्रण होतं, आणि पाकिटं होती. सोसायट्यांची. मी पायरीवर बसून ती लावली. सात वेगवेगळ्या सेक्रेटरींची पत्रं, सगळी माझ्या नावानं. एकानं सत्यनारायणाच्या पूजेला बोलावलं होतं. पूजा होऊन वर्ष उलटलं होतं. आणि त्यांच्याबरोबर दामल्यांची चार पाकिटं. सुवाच्य अक्षर, डाव्या कोपऱ्यात जावक क्रमांक, वर पोस्टाचे शिक्के, जरा अंधुक पण तारखा वाचता येतील असे.

मला तिथे रडू आलं. आपण एवढी पत्रं लिहिली, आपल्या नावानं लिहिली, आणि त्यांना आलेली उत्तरं इथे अंधारात पडून होती, याची फार लाज वाटली. दामल्यांची पाकिटं मी उघडली नाहीत. आत काय आहे ते जाणून घ्यावंसं खूप वाटत होतं. पण बंद पाकिटाला आणि त्यावरच्या शिक्क्याला घरी बसून लिहिलेलं कुणी म्हणू शकत नाही, एवढं अर्ज लिहिणाऱ्या बाईला कळत होतं.

अभिजित सरांना सगळं सांगितलं. माणूस वाईट नाही, पण धंदेवाईक आहे. म्हणाले, "आपण एक छानसं दिलगिरीचं पत्र पाठवू. तुम्ही जाऊ नका. तिथे उभं राहून पत्रं मशीन पाठवतं आणि उत्तरं कुणी वाचत नाही असं सांगितलंत तर चार दिवसांत पुण्यातल्या सगळ्या सेक्रेटरींच्या ग्रुपवर ते फिरेल."

"पत्रानंच घोळ झालाय सर, आणखी एका पत्रानं तो कसा निस्तरेल?"

"मग कंपनीच्या नावानं जाऊ नका."

"सही माझ्या नावाची होती," मी म्हटलं. "मी माझ्याच नावानं जाते."

शनिवारी मी मालिका बंद केली तेव्हा त्यांनी मला अडवलं नाही. इतक्या वर्षांत ती पहिल्यांदाच थांबली होती. चेअरमनना जाणारं पत्र मी काढून टाकलं. "उत्तर मिळालेलं नाही" ही ओळ पुसली. "नको" असं तिसरं बटण घातलं, जे खरं तर पहिल्या दिवसापासून असायला हवं होतं. बाणेरचा पत्ता आणि माझ्या टेबलावरच्या फोनचा नंबर खाली टाकला. मग पुन्हा सुरू केली. आजही ती तशीच चालते, आणि सांगायला हरकत नाही, "नको" हे बटण आल्यापासून "हो" म्हणणारे कमी झाले नाहीत. नाही म्हणायची सोय असली की माणूस मोकळेपणानं विचार करतो. हे मला कितीतरी वर्षं आधी कळायला हवं होतं.

रविवारी सकाळी दहाला सभा. इमारतीखाली गाड्या हलवून खुर्च्या मांडल्या होत्या, पन्नासेक माणसं असतील. दामले पहिल्या रांगेत टोकाला, इस्त्रीचा पांढरा शर्ट, मांडीवर रजिस्टर. मी त्यांना प्रथमच पाहत होते. मी समोर जाऊन म्हटलं, "मी रजनी. कंपनीची पत्रं मी लिहिते. मला दोन मिनिटं बोलायचंय."

मराठे उंच, गोरे, आवाजात हुकमत. म्हणाले, "ताई, माफ करा. ही सभासदांची सभा आहे. बाहेरच्या व्यक्तीला बोलता येत नाही."

मी दामल्यांकडे पाहिलं. ते उभे राहिले. "अध्यक्षांचं बरोबर आहे," ते म्हणाले. "नियमात बसत नाही."

मला हसावं की चिडावं कळेना. या माणसाची अब्रू माझ्या पिशवीत होती आणि तो मला नियम सांगत होता. शेवटी मागून एक वयस्कर बाई उठल्या. "मग तुमच्या नियमात सभेची परवानगी घेऊन बोलता येतं की नाही, दामले?"

"येतं. सभासदानं तशी सूचना मांडायला हवी."

"मांडली. कुणाची हरकत आहे?" बाईंनी सगळ्यांकडे असं बघितलं की कुणाची हरकत निघाली नाही.

मी सांगितलं. साधं, सरळ. पत्रं लिहिते मी, पण पाठवतं यंत्र. कुणी बटण दाबलं नाही की यंत्र समजतं उत्तर आलं नाही. चेअरमनना जे पत्र आलं तेही यंत्रानंच पाठवलं, आणि त्यातली ती ओळ मी कुणाचीही चौकशी न करता, सगळ्यांसाठी एकदाच लिहून ठेवलेली होती. दामल्यांनी उत्तरं आमच्या जुन्या पत्त्यावर पाठवली, तो पत्ता आम्हीच छापला होता, आणि ती पेटी आम्ही उघडत नव्हतो. चूक माझी आहे. मग मी चार बंद पाकिटं काढून मराठ्यांच्या पुढे ठेवली. "आपणच उघडा. मी उघडलेली नाहीत. आधी शिक्के बघून घ्या."

त्या वयस्कर बाई पुढे आल्या, चष्मा वर करून त्यांनी चारही तारखा मोठ्यानं वाचल्या. रजिस्टरातल्या तारखांशी त्या जुळत होत्या. मग मराठ्यांनी पहिलं पाकीट फोडलं. "आपले पत्र पावले. विषय समितीच्या येत्या सभेपुढे ठेवीत आहे." दुसऱ्यात समितीचे दोन प्रश्न होते. जुनी बिलं नव्या आवृत्तीत दिसतील का, हा पहिला. दुसरा वाचताना मराठे अडखळले, कारण तिथे लिहिलं होतं, "ज्येष्ठ सभासदांकडे स्मार्टफोन नसल्यास त्यांची काय सोय? हा प्रश्न अध्यक्ष श्री. मराठे यांनी उपस्थित केला असून तो महत्त्वाचा आहे." तिसरं स्मरणपत्र होतं.

चौथं मराठ्यांनी मनात वाचायला घेतलं. "मोठ्यानं," बाई म्हणाल्या.

"आपण आमच्या अध्यक्षांना लिहिलेल्या पत्रातील विधान वस्तुस्थितीला धरून नाही. त्यामुळे येथे माझ्या शब्दाविषयी शंका निर्माण झाली आहे. कृपया चौकशी करून दुरुस्तीचे पत्र अध्यक्षांना पाठवावे. आपण हे वाईट हेतूने लिहिले असेल असे मला वाटत नाही. कळावे."

या शेवटच्या ओळीला मी तयार नव्हते. ज्या बाईमुळे आपल्यावर खोटेपणाचा शिक्का बसला, तिलाच लिहिताना त्यांनी हे लिहिलं होतं. मी खाली बघायला लागले.

मराठ्यांनी कागद घडी घालून ठेवले. घसा साफ केला. "गैरसमज झाला होता, तो दूर झाला," ते म्हणाले. "विषय इथेच संपवू. दामलेसाहेब, तुमचा राजीनामा आपण स्वीकारत नाही आहोत. तुम्ही काम पुढे चालू ठेवा." दोन-तीन जणांनी टाळ्या वाजवल्या. मलाही वाटलं, झालं, जिंकलो. पिशवी खांद्याला लावून मी उठायच्या तयारीत होते.

दामले उभे राहिले. "खुलासा झाला, तो इतिवृत्तात यावा. राजीनामा मात्र राहू द्या."

"अहो, आता कशाला? सगळं स्पष्ट झालं ना?"

"झालं," दामले म्हणाले. त्यांचा आवाज अजिबात चढला नव्हता. "या बाईंना मी आजच पाहतोय. त्यांचं ते पत्र वाचून मला वाटलं, यांचा हेतू वाईट नसेल, काहीतरी चुकलं असेल. आपण मला अकरा वर्षं रोज बघता, मराठे. आपल्याला तेवढं वाटलं नाही."

मघाशी टाळ्या वाजवणारे मांडीवरच्या अहवालात बघू लागले. माझ्याकडचं सगळं खरं मी आणून दिलं होतं, चारही पाकिटं, चारही शिक्के. यावर मला देण्यासारखं काही उरलं नव्हतं.

"राजीनामा मंजूर करावा अशी सूचना आहे," दामले म्हणाले. "अध्यक्ष, मत घ्या."

मराठ्यांनी अगदी हळू आवाजात विचारलं, राजीनामा मंजूर करण्याच्या बाजूनं कोण? कुणीही हात वर केला नाही. मग दामल्यांनी स्वतःचा हात वर केला, आणि बाकीचे हात एकेक करून वर येईपर्यंत तो तसाच धरून ठेवला.